ओढलेला ब्रेक

हॅलस्टन, मिनेसोटा
२६ ऑक्टोबर

प्रिय सिग्रिड,

प्रभूच्या कृपेत तुला सप्रेम सलाम. तुझ्या टूसॉनमध्ये अजून लोक अर्ध्या बाह्यांनी हिंडत असतील. इकडे तळ्याच्या काठाला पहाटे पातळ बर्फ धरू लागला आहे. माझी प्रकृती ठीक आहे. छताच्या पन्हळी साफ झाल्या, सरपण रचून झाले. रविवारी नव्या पाद्रीबाईंनी शास्त्रवाचन मला दिले होते. उतारा पाठ असल्यामुळे अडचण आली नाही. अक्षर मोठे आणि ओळी तिरक्या दिसल्या तर क्षमा कर.

पत्रास निमित्त गाडीचे आहे. मे महिन्यात येऊन तू ती घेऊन जाणार, तेव्हा ती कशी ठेवली आहे हे तुला ठाऊक असावे. टाकी काठोकाठ भरली आहे, म्हणजे आत ओल धरायला जागा उरत नाही. पेट्रोल टिकवणारे औषध घातले, ऑइल बदलले. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत तारेच्या घासणीचा बोळा कोंबला आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी तो आठवणीने काढ. बॅटरी तळघरात लाकडी फळीवर, बटाट्यांच्या पेटीशेजारी ठेवली आहे. महिन्यातून एकदा तिला चार्ज करण्यासाठी खाली उतरावे लागते. हिवाळ्यात मला कोणाकडे तरी जायचे आहे, एवढा त्यात दिलासा.

बायबलात वाळवंटातल्या लोकांना आकाशातून मिळालेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवले की त्यात किडे पडत, यावर मी पुष्कळ प्रवचने दिली. साठवण ही अविश्वासाची खूण आहे, असे मी मोठ्या ठामपणे सांगत असे. तुझी आई पहिल्या बाकावर बसून ऐके आणि घरी आल्यावर विचारी, "मग पाद्रीबुवा, गाडी बाहेर बर्फातच राहू द्यायची का यंदा?"

औषध घातल्यावर गाडी थोडी फिरवावी लागते, म्हणजे ते इंजिनात सगळीकडे पोहोचते. तुला आठवत असेल, ती फेरी आमची ठरलेली असे: तळ्याला वळसा, वाटेत कॉफी, आणि परत गोठ्यात. गायी गेल्यापासून गोठा गाडीचाच आहे. यंदा त्या फेरीला गाडी शेजारच्या आर्लिसने चालवली.

आर्लिसच का, हे लिहायचे मी टाळत होतो. सप्टेंबरात मी गाडी चालवण्याचा परवाना परत केला. डोळ्यांच्या मध्यभागी एक राखाडी डाग बसला आहे. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. डॉक्टरांनी सांगण्याआधीच मला कळले होते, कारण ग्रीक ग्रंथ उघडला की शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर दिसे आणि मधली अक्षरे नाहीशी होत. तुला फोनवर सांगितले नाही. तू काळजी करशील हे एक कारण. आणि आता मी पुन्हा कधी गाडी चालवणार नाही, हे मोठ्याने म्हणावेसे वाटले नाही, हे दुसरे.

आर्लिस शेजारधर्म म्हणून आली, पण तिच्या जिभेला काही हिवाळा लागत नाही. नवरा गेल्यापासून तर ती दोघांच्या वाटचे बोलते. गाडी पाहून तिने नॉर्वे-स्वीडनच्या जुन्या चढाओढीचे नेहमीचेच सुरू केले, की नॉर्वेच्या माणसाच्या गोठ्यात स्वीडनची गाडी म्हणजे घराण्याची शोभा. मग किल्ली हातात घेऊन म्हणाली, "पाद्रीसाहेब, तुम्ही मागे बसायचं. पुढची जागा बायकांची."

तेव्हा कळले, की तिने तुझ्या आईच्या शुश्रूषागृहात आधीच परवानगी विचारून ठेवली होती. आम्ही तुझ्या आईला घ्यायला गेलो.

आईबद्दल मी आजवर तुला चांगलेच लिहिले आहे. ती शांत असते, खिडकीपाशी बसते, केस नीट विंचरलेले असतात. हे सर्व खरे आहे. जून महिन्यापासून तिने मला नावाने हाक मारलेली नाही, हेही खरे. मला ती कधी आपला भाऊ समजते, कधी दुरुस्तीला आलेला माणूस; आणि दुरुस्तीच्या माणसाशी ती अधिक गोड बोलते. ऑगस्टमध्ये तू म्हणालीस, "बाबा, आई मला ओळखतच नाही, मग येऊन मी कोणाला भेटू?" तुझ्या म्हणण्यात मला खोट दिसली नाही. रोज भेटून येताना मीही गाडीत हेच स्वतःशी म्हणत असे, जोवर गाडी चालवत होतो.

तर तुझी आई पुढे बसली आणि मी मागे, स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखा. तळ्याला वळसा घातला. आर्लिस एकटीच बोलत होती: कोणाचे मक्याचे पीक अजून उभे आहे, कोणाच्या सुनेने लेफ्साच्या बटाट्याच्या पोळ्या दुकानातून आणल्या. आई काचेवर बोट टेकवून बसली होती. मी तिच्या पाठमोऱ्या केसांकडे पाहत होतो. समोरचे दिसत नसल्यामुळे मान थोडी वळवून पाहावे लागते. त्या कोनातून ती बरीचशी पूर्वीसारखी दिसली.

गोठ्यात गाडी उभी राहिली. आता हँडब्रेकची गोष्ट तुला ठाऊकच आहे. हिवाळ्यासाठी ठेवलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नसतो, ओलीने तो चाकाला चिकटून बसतो. त्याऐवजी चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. आणि तुझी आई, मी एरवी नेहमी विसरतो म्हणून, गाडी थांबली रे थांबली की शेजारच्या जागेवरून हात घालून तो ओढणार. दरवर्षी गोठ्यातही ओढायची, दरवर्षी मी रागवायचो. एका वसंतात खरेच चाके अडली होती. आर्लिसच्या नवऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढली.

आर्लिसने इंजिन बंद केले. गोठ्यात अगदी शांत झाले. आणि तुझ्या आईचा हात काचेवरून निघाला, दोन जागांच्या मध्ये गेला, आणि तिने ब्रेक ओढला, पूर्ण वरपर्यंत. मग मागे वळूनही न पाहता म्हणाली,

"ओढला बघ, पाद्रीबुवा. आता रागाव."

आर्लिस ठोकळे लावायला खाली उतरली.

मला रागावता आले नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला. थोड्या वेळाने तिने विचारले, की आपण कोणाच्या घरी आलो आहोत.

स्मरण करणे या अर्थाचे एक जुने हिब्रू क्रियापद आहे. शास्त्रात देवाला कोणाचे स्मरण झाले असे येते, तेव्हा लगेच काहीतरी घडते: प्रलयाचे पाणी ओसरते, बंद कूस उघडते. तिथे स्मरण म्हणजे मनात येणे नव्हे, हात पुढे करणे होय. हे मी आयुष्यभर शिकवले. सिग्रिड, तुझी आई तुला नावाने ओळखणार नाही. पण तू लहानपणीसारखी तिच्यासमोर केस मोकळे सोडून पाठमोरी बसलीस, तर तिचे हात वेणी घालायला पुढे होणार नाहीत, असे मी आता म्हणू शकत नाही.

ब्रेक मी सोडलेला नाही. आर्लिस म्हणाली, "चिकटेल हं." मी म्हटले, चिकटू दे. वसंतात ती ट्रॅक्टर आणील, आणि नॉर्वेच्या पाद्र्याची स्वीडनची गाडी आपल्याला ओढून काढावी लागली, असे गावभर सांगत फिरेल.

एक राहिले. तेच लिहायला बसलो होतो. आई आता फार थोडे खाते. तिथल्या परिचारिकेने मला काल बाजूला बसवून हळू आवाजात समजावले, आणि मी मान हलवली.

गाडी मे महिन्यापर्यंत थांबेल. तिच्यासाठी जे करायचे ते सारे मला ठाऊक होते आणि मी ते केले. तुझ्या आईला हिवाळाभर तसे जपून ठेवण्याची विद्या मला येत नाही. म्हणून गाडीसाठी येऊ नकोस. रस्ते उघडे आहेत तोवर ये.

मागच्या जागेवर बसलेला,
तुझा बाप
हाल्वोर