माझ्या गिटारीच्या मानेवर रंधा

राजाजीनगर, बेंगळूर
रविवार, चहासुद्धा न घेता

तीर्थरूप विठाक्काच्या पायांशी धाकट्या उमाजीचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण रागाने अंग असं ताठ झालं आहे की वाकत नाही. उभ्यानेच केला असं समज.) तुझी शुगर कशी आहे? भावजींचा गुडघा काय म्हणतो? धारवाडात नळाला पाणी येतं ना? सगळं ठीक असेल असंच मी धरून चालतो, कारण ठीक नसेल तर ते शांतपणे ऐकून घेण्याइतका चांगला माणूस मी आत्ता नाही. इकडे कौशल्या मजेत आहे. ती कायमच मजेत असते. माझ्या रागाला तेही एक कारण आहे.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. केला असता, पण फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू "अय्यो, जाऊ दे रे" म्हणतेस, आणि मला जाऊ द्यायचं नाही. व्हॉट्सअॅपवर आमच्या स्मृतीने मला लाल तोंडाचं एक चित्र दाखवलं, म्हणाली राग आला की हे पाठवायचं. एवढासा वाटोळा चेहरा! माझा राग त्याच्या कानातसुद्धा मावणार नाही. म्हणून कागद घेतला.

माझ्या गिटारी तुला ठाऊक आहेतच, तरी पुन्हा सांगतो, कारण या घरात सांगून कुणाला कळत नाही. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी रॉड सरकवत वाजवायची ती स्टील गिटार. लोक तिला हवाईयन म्हणतात. इतर गिटारींसारखी ती छातीशी धरून बोटांनी तारा दाबायच्या नसतात. तारा मुद्दामच उंच असतात, रॉड त्यांच्यावर तरंगतो, खाली लाकडाला लागत नाही, आणि म्हणून सूर तुटत नाही, गळ्यातून निघाल्यासारखा वाहतो. माझा गळा कसा आहे ते तुला माहीत आहे. शाळेच्या प्रार्थनेत मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. मी आयुष्यात जे काही गायलो ते त्या रॉडनेच. ऑर्केस्ट्रा होता तोवर लग्नांत, गणपतीत गायलो, ऑर्केस्ट्रा गेला (कीबोर्डवाल्यांनी खाल्ला, त्यांचं भलं होणार नाही), मग मी गिटारी जमवायला लागलो. आठ तारांची एक, पत्र्याच्या पोटाची एक, आणि एक ती अॅल्युमिनियमची गोल, लांब दांड्याची, जिच्यावर आमच्या कामवालीने एकदा डोसा घालायचं ठरवलं होतं. पायडल असलेली मात्र एकही नाही. पायाने सूर बदलायचा असेल तर माणसाने शिवणयंत्र घ्यावं.

आणि या सगळ्यांत थोरली ती सागवानी. शिवाजीनगरच्या खंडोजी मेस्त्रीने केलेली, जाड चौकोनी मानेची. तीच गं. शेवटच्या आजारात आई तीच वाजवायला सांगायची. गाणं नको म्हणायची, नुसता एक सूर ओढ, लांब ओढ. मी ओढायचो आणि तिचा डोळा लागायचा. दुसऱ्या कुठल्याही गिटारीवर तो सूर मला पुन्हा मिळाला नाही.

आता अजिंक्यरावांकडे येतो. जावई माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. सगळ्यांना काय जातं? पुण्याचा मुलगा, महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरची मोठी नोकरी, बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. (खिडकीतून तळं दिसतं म्हणून जास्त भाव देऊन घेतला, आणि वास येतो म्हणून ती खिडकी कायम बंद.) या माणसाला एक रोग आहे. त्याला काहीही जसं आहे तसं बघवत नाही. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पाटाचा डगमगणारा पाय बसल्याबसल्या घट्ट केला. पुढच्या वेळी पंख्याचा आवाज बंद केला. त्या आवाजाशिवाय मला झोप येत नाही, हे मी कुणाला सांगू? आणि जावई पडला, तेव्हा अहो-जाहो केल्याशिवाय माणसाला चिडतासुद्धा येत नाही. "अहो अजिंक्यराव, आपण गाढव आहात काय?" हे वाक्य रागाचं वाटतं का तूच सांग. आमंत्रणपत्रिकेतलं वाटतं.

तर झालं असं. गेल्या आठवड्यात कौशल्याच्या भाचीचं लग्न होसूरला होतं. आम्ही तिथे मुक्कामाला गेलो आणि घराची किल्ली स्मृतीकडे ठेवली, झाडांना पाणी घालायला. परतीच्या दिवशी जावयांनी गाडी पाठवली आणि ड्रायव्हर राजाजीनगरला न जाता सरळ बेळ्ळंदूरला घेऊन गेला. कौशल्या वाटेत खिडकीबाहेर बघून हसत होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. माझी सत्तरी होती आणि ती मी विसरलो होतो, इतर कुणी विसरलं नव्हतं.

क्लबहाऊस नावाचा एक काचेचा हॉल आहे तिथे. आत शिरलो तर फुगे, केक, ओळखीपाळखीचं कुणी नाही, सगळी सोसायटी. आणि समोरच्या भिंतीवर, अक्का, माझ्या गिटारी! मानेला रिबिनी बांधून खुंट्यांवर उभ्या टांगलेल्या. आख्खं कुटुंब फासावर दिल्यासारखं दिसत होतं. अजिंक्यराव माईकवरून म्हणाले, "बाबांचं हे कलेक्शन किती वर्षं बंद कपाटात पडलंय! आज ते आपल्यासाठी वाजवणार आहेत." टाळ्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाबा, एक सरप्राइज आहे. ॲक्शन फार हाय होती सगळ्यांची, तारा केवढ्या वर! तुमची बोटं किती दुखत असतील! सर्व्हिस करून आणलंय."

सर्व्हिस म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नाही. मी सागवानी उतरवून घेतली. आरशासारखी चकाकत होती, हातात हलकी लागत होती. वाटलं, पुसल्यामुळे असेल. खुर्चीवर बसलो, मांडीवर घेतली, तर ती कधी नव्हे ती लवंडायला लागली. कशीबशी सावरली, रॉड तारांवर ठेवला, डोळे मिटले आणि ओढला.

खर्रर्र.

भांडी घासताना येतो तो आवाज, पण माईकमधून, चार कोपऱ्यांतल्या चार स्पीकरांतून. मी डोळे उघडले. तारा लाकडाला टेकलेल्या. वरच्या टोकाची उंच पट्टी, जिच्यावर तारा उचललेल्या असतात, ती गायब. जिथे नुसत्या रंगवलेल्या खुणा होत्या तिथे बोटांनी दाबायच्या गिटारीसारखे पितळेचे पडदे ठोकलेले. मी पुन्हा ओढला, कारण माणूस मूर्ख असतो. पुन्हा खर्रर्र. पुढच्या रांगेतला एक दाढीवाला शेजाऱ्याला म्हणाला, "एक्सपेरिमेंटल आहे, मस्त!" आणि टाळ्या वाजवायला लागला. मग सगळेच वाजवायला लागले.

मी गिटार उलटी केली, अक्का. मान गोल होती. खंडोजी मेस्त्रीची ती जाड, चौकोनी मान कुणीतरी रंधा मारून, तासून, हाताच्या मुठीत बसेल अशी बारीक केली होती.

त्यानंतर मी जे बोललो ते मी लिहीत नाही. पण एक सांगतो, मला राग आला की तो कन्नडातून येतो. प्रेम मराठीतून, हिशोब तमिळमधून, राग कन्नडमधून, हे आपल्या घरात सगळ्यांचंच आहे, अप्पांचंही होतं. मी उभा राहिलो आणि माईकवर कन्नडातून जे सुटलो ते तोंडाला फेस येईपर्यंत. आणि आमचं घर सोडलं तर त्या आख्ख्या हॉलमध्ये कन्नड कुणालाही येत नव्हतं! लोक उभे राहिले. कुणी मोबाइलवर शूटिंग घेतलं. अजिंक्यरावांना वाटलं, सासरे भारावून आभार मानताहेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी वाकून माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी त्यांना त्याच क्षणी जे म्हणत होतो, आणि ते जिथे डोकं टेकत होते, ते सगळं एकाच वेळी चाललं होतं. दारातला सिक्युरिटीवाला नागनाथ तेवढा हावेरीचा, म्हणजे कन्नडच. त्या बिचाऱ्याने टोपी काढून मान खाली घातली.

शेवटी स्मृतीने मला आत नेलं. ती माझी मुलगी, तिला सगळं कळलं होतं. तिने नवऱ्याला बाजूला घेऊन भाषांतर करून सांगितलं. (सगळं नाही. निम्मं तरी गाळलं असणार, कारण संसार अजून शाबूत आहे.) अजिंक्यराव आत आले तेव्हा चेहरा खडूसारखा पांढरा. म्हणाले, "बाबा, मला वाटलं बिघडलेल्या आहेत."

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्याच तशा होत्या ना," ते म्हणाले, "म्हणून तर जास्तच वाईट वाटलं."

मी केक खाल्ला नाही. कौशल्याने माझा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जावई ऑफिस बुडवून त्या दुकानात भांडायला गेले. (दुकानाचं नाव लिहीत नाही, उच्चारलं तरी माझं बीपी वर जातं.) तिथला अंबाडा बांधलेला चंदन नावाचा मुलगा म्हणाला, सर, मान इतकी बेढब होती की मला वाटलं काम अर्धवट राहिलंय, मी पूर्ण केलं, त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत. उंच पट्ट्या कुठे आहेत, तर कचऱ्यात. मग संध्याकाळी आमच्या दारात बेल वाजली. उघडलं तर अजिंक्यराव, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सागवानाचा भुसा आणि रंध्याच्या कुरळ्या सालपटी. दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून त्यांनी ते स्वतः गोळा केलं होतं. मला विचारतात, "हे परत चिकटवता येईल का?" महादेवपुऱ्यात यांच्या हाताखाली साठ माणसं आहेत, अक्का!

मी दार लावणार होतो, पण कौशल्या मागून म्हणाली, "अहो, त्यांना आत तरी घ्या, साल गळतीय जिन्यात."

बाकीच्यांची सोय झाली म्हणायची. आठ तारांची, पत्र्याची आणि डोसेवाली, तिघींना मी हार्डवेअरच्या दुकानातून पितळी पट्ट्या आणून, घासून, नव्याने उंच केलं. जावई शेजारी बसून कानस धरून देत होते आणि मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. सागवानीलाही उंच केलं, तारा चढवल्या, सुरात आणली. सकाळी उठून पाहतो तर बारीक केलेली मान तारांच्या ओढीने धनुष्यासारखी वाकलेली. तिच्यात आता ओढ सोसायची ताकदच नाही. तारा काढून मी तिला आईच्या जुन्या शालीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. नंतर बराच वेळ शिडीवरच उभा होतो. कौशल्याने खाली जेवायला हाक मारली तर सरी सरी, आलो, म्हणालो आणि तिथेच राहिलो. माझ्याच्याने उतरवेना.

तेव्हा मी हे ठरवलं आहे, आणि तू थोरली म्हणून तुला आधी कळवतो. अजिंक्यरावांना या घरात पुन्हा पाऊल टाकू द्यायचं नाही. स्मृतीने यावं, हवं तितकं राहावं. दिवाळीला पाडव्याचा फराळ कुरिअरने जाईल. या बाबतीत कौशल्याने, तू, भावजींनी, कुणीही मध्ये पडू नये. मी वाकणार नाही. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्याकडच्या सगळ्यांना माझा उरलेला राग.

चिडलेला, तरी तुझाच,
उमाजी

ता. क. माळ्यावरची सागवानी खाली आहे. काल मी भाजी आणायला गेलो होतो, परत येतो तर हॉलमधून आवाज. अजिंक्यरावांनी तिला एकच तार लावली होती, सैल, मान सोसेल इतकीच. मांडीवर आडवी घेऊन, माझा रॉड घेऊन, एकच सूर ओढत बसले होते. बेसूर होता. पण तो लांब ओढायचा असतो एवढं त्यांना कळलं होतं. स्मृतीने आपल्या आईचं, त्या शेवटच्या आजारातलं, सांगितलं असणार. मी पिशवी हातात धरून दारातच उभा राहिलो, कोथिंबीर सुकेपर्यंत.

दुसरा ता. क. ते शिकवा म्हणतात. स्वल्प विचार करतो म्हणालो, आणि विचार करून हो म्हणालो. आता अडचण अशी की सागवानीवर एका तारेपलीकडे जाता येत नाही, आणि माझ्या उरलेल्या तिघींना मी या माणसाचा हात लागू देणार नाही, मेलो तरी. भावजींची ती चार पायांवर टेबलासारखी उभी राहणारी स्टील गिटार तुमच्याकडे पलंगाखाली आहे. गुडघ्यामुळे ते हल्ली वाजवायला बसत नाहीत, असं तूच म्हणालीस. ती पाहिजे. अजिंक्यराव शनिवारी गाडी घेऊन धारवाडला येताहेत. हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मध्ये राग आला.

तिसरा ता. क. भावजींना पत्र दाखवू नकोस. गिटार गाडीत चढली की मग दाखव.