शिंप्याचा अंगठा

४ मार्च.
उजव्या अंगठ्याच्या बुडाशी गाठ. कात्री धरली की कळ थेट मस्तकात. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, इंजेक्शन देऊन अंगठा बधिर करू, गाठ काढून टाकू. किरकोळ! शिंप्याचा अंगठा आहे हा. बधिर झाला आणि परत जागाच झाला नाही तर? मी घाबरलो नाही. विचारपूर्वक नकार दिला.

५ मार्च.
तोडगा सापडला. अ‍ॅक्युपंक्चर! बारीक सुया टोचायच्या, दुखणं गायब, अंगठा टक्क जागा. सुयांमध्येच जन्म गेला, सुईला मी काय भिणार? बायकोने विचारलं, मग इंजेक्शनला काय सुई नसते? तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

८ मार्च.
डॉक्टर कसेबसे तयार. म्हणाले, इंजेक्शन मात्र भरून ठेवणार. ठेवा बापडे, वाया जाईल. भूल न घेता ऑपरेशन करतोय, असं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. सांगायला नको होतं.

९ मार्च.
रात्रभर झोप नाही. गॅस असणार. कोटाचं कापड तिरकं कापलं. कात्रीचा दोष.

१० मार्च, सकाळ, ऑपरेशनच्या टेबलावर.
अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंनी कानात आणि डाव्या हातात सुया टोचल्या. कळलंसुद्धा नाही! जिंकलो. डॉक्टर हात धुतायत. किती वाजले, दोनदा विचारलं, सहज. बाई म्हणतात, वही ठेवा आता.

१० मार्च, संध्याकाळ.
अंगठ्याला बँडेज. मी सांगतोय, बायको लिहितेय. गाठ निघाली. मी हूं की चूं केलं नाही. बायको म्हणते, हे लिहिणार नाही, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आलं. बरं, ओरडलो. पण सुरी लागल्यावर माणूस ओरडणारच. ती म्हणते, सुरी कुठली, डॉक्टरांनीच सांगितलंय, नुसता स्पिरिटचा बोळा फिरवला होता. फार गार होता तो! मग इंजेक्शन मीच मागितलं. लवकर द्या म्हणालो.

अंगठा अजून मेल्यासारखा. चहाचा कप निसटला. भीती वाटते गं. कात्री धरता आली नाही तर मी करू काय? हे खोड.

खोडलं नाही. आता मी, बायको, लिहितेय. ह्यांचं लक्ष नसताना अंगठ्याच्या टोकाला टाचणी टोचली. असे किंचाळले की शेजारीण धावत आली. मग डोळे पुसत टाचणी माझ्याकडून मागून घेतली आणि डाव्या हाताने स्वतःच पुन्हा टोचून पाहिली. दोनदा.