आणी आणि मी

३ मार्च
प्रेसच्या मालकांनी बोलावलं. म्हणाले, नेहमीच्या चुका यापुढे कॉम्प्युटर दुरुस्त करेल, आपण त्याला फक्त हुकूम लिहून द्यायचे. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. महिनाअखेर जो ती लिहायला शिकेल तो मुद्रितशोधनाच्या टेबलावर, नाहीतर गोदामात. 'नाहीतर' म्हणताना माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्षं लोकांच्या चुका काढतोय. टेबल माझं आहे. आठवडा पुरे.

४ मार्च
शिकवायला डीटीपीच्या बाई. माझ्या मुलीच्या वयाच्या. पानभर टिपणं दिली. त्यात 'x = x + 1'. धडधडीत खोटं! लाल पेनाने गोल केला, समासात प्रश्नचिन्ह. म्हणाल्या, काका, ते 'बरोबर' नाही, 'यात ठेव' असं आहे. खऱ्या 'बरोबर'ला दोन चिन्हं लागतात म्हणे. ही भाषा शाळा चुकवणाऱ्यांनी केलेली आहे.

६ मार्च
पहिली स्क्रिप्ट, पाच ओळी. कागदावर छापून रीतसर तपासली. 'print' या हुकमाचा पी कॅपिटल केला. वाक्य संपलं तिथे पूर्णविराम दिला. उभी, दरिद्री अवतरणचिन्हं काढून वळणदार घातली. बाईंनी निमूटपणे टाइप केलं. एरर. मग दिवसभर माझी एकेक सुधारणा परत काढून टाकली. त्या हसत नव्हत्या, पण न हसण्याची पण एक पद्धत असते.

९ मार्च, सकाळी ११
कंस मिटवायचा राहिला तिसऱ्या ओळीत, हे यंत्र चूक दाखवतंय चौथ्या ओळीत. असा मुद्रितशोधक मी त्याच दिवशी काढून टाकला असता.

१२ मार्च
ओळीआधी चार जागा मोकळ्या हव्यात. मी तीन सोडल्या. एरर. म्हणजे मी जे लिहिलंच नाही त्यातही चूक! बायकोला सांगितलं. म्हणाली, मला माहीत आहे कसं वाटतं ते. काय म्हणायचं होतं कळलं नाही.

१५ मार्च
# ही खूण केली की पुढचं यंत्र वाचत नाही. मी '# हे यंत्र बिनडोक आहे' असं लिहिलं. पहिल्यांदाच एरर आली नाही. घरात माझ्या बोलण्यापुढे हीच खूण लागलेली असावी.

२१ मार्च, दुपारी ४
जमलं! छपाईला आलेल्या एका कारखान्याच्या सुरक्षा-पुस्तिकेवर चार ओळींची स्क्रिप्ट चालवली. सगळे लेखक 'आणि' दीर्घ लिहितात. माझी चोवीस वर्षांची दुश्मनी. हुकूम सोडला: जिथे 'आणी' दिसेल तिथे 'आणि' कर. एकसष्ट ठिकाणी केलं. मी वीसेक चुका धरल्या होत्या. लेखक अपेक्षेपेक्षा अडाणी निघाला.
बाई म्हणाल्या, काका, शब्द तिथेच संपतो का तेही बघायला सांगा. आणि छापण्याआधी एकदा वाचून काढा. मला शब्द कुठे संपतो ते शिकवणार! यंत्राने तपासलेलं परत वाचायचं तर यंत्र कशाला? सही करून छपाईला दिलं.

२८ मार्च
पुस्तिका छापून आली. पाच हजार. मालकांनी मुखपृष्ठ माझ्यासमोर धरलं आणि वाचायला लावलं. मोठ्याने. 'आणिबाणीत काय कराल?' आत आणखी चाळीस ठिकाणी आणिबाणी. मी म्हणालो, कॉम्प्युटरने केलं. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरला कुणी सांगितलं?
आतल्या पानांसाठी शुद्धिपत्र. मुखपृष्ठाचं मात्र हाताने करायचं.

३१ मार्च
गोदाम. खिडकी नाही. बाईंनी 'णी'च्या पाच हजार चिकटपट्ट्या छापून पाठवल्या. एकेक 'णि'वर लावायची. सकाळपासून तीनशे बारा. हे काम काही यंत्राला जमणार नाही. त्यासाठी नजर लागते.
पाच वाजता बायकोचा मेसेज आला: येताना दूध आणाल का? उत्तर टाइप केलं: आणीन. पाठवलं नाही. त्या 'णी'कडे बघत राहिलो. दीर्घच ना? चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोश बघावासा वाटला. कोश वर टेबलावर राहिला. तिथे आता बाई बसतात.
'हो' लिहून पाठवलं.