पेट्यांवरची टकटक

म्युनिक, २० जानेवारी

प्रिय आईस नेझाचा नमस्कार.

मी बरी आहे. लाँड्रीत दिवसभर वाफच असते, त्यामुळे थंडीची काळजी करू नकोस. तू भाजून पाठवलेली अक्रोडाची गोड पोटित्सा पोचली. मैत्रिणींनी फस्त केली.

परसातल्या मधपेट्यांना गवताच्या चटया गुंडाळल्यास ते बरं केलंस, पण वरून थोडी हवा खेळू दे. माश्या थंडीपेक्षा ओलीनेच जास्त मरतात. पेट्यांच्या दारातला बर्फ पिसाने अलगद काढ. झाकण मात्र उघडू नकोस. संत फ्लोरिअनच्या चित्राची पेटी यंदाही घुमतेय का?

बाबांचा खोकला कसा आहे? डॉक्टर येऊन गेले का?

राहवत नाही म्हणून विचारते. तू लिहिलंस, "रविवारी सगळ्या पेट्यांवर टकटक करून आले." भर हिवाळ्यात कशाला गं? बाबा मला ओरडायचे, "कान लाव कार्टे, हात लावू नकोस. उबेला गोळा होऊन बसल्यात, त्यांना उठवू नकोस." आपल्याकडे या दिवसांत टकटक करतात ती एकाच कारणासाठी. आजोबा गेले तेव्हा तूच मला पेट्यांपाशी पाठवलंस, "टकटक करून माश्यांना सांगून ये, नाहीतर त्याही मागोमाग जातील" म्हणून.

तुझ्या प्रत्येक पत्राखाली बाबांची एक ओळ असते. या वेळी नाही. मी कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहिला.

सुट्टी मागितली आहे. माश्यांना सांगितलंस ना आई, आता मलाही सांग.

तुझी,
नेझा