मोईचा खुंटा

बाबा, आज एक गोष्ट तुम्हाला सोडून कुणाला सांगावीशी वाटत नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. आमच्या कॉलेजनं वर्ध्याच्या रस्त्यांवरच्या झाडांची पाहणी हाती घेतलीय. कोणत्या रस्त्याला कोणत्या जातीची झाडं, त्यांची तब्येत कशी, सगळं. भर वैशाखात पोरांना घेऊन मी नुसती हुंदडतेय. इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते, पण आपल्याच गावात कडुनिंब-गुलमोहराच्या पलीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. विहाराच्या दारात पिंपळ, दवाखान्याच्या भिंतीला खेटून करंज, बसस्टँडमागे चक्क बकुळ! तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरगी येडी झाली.

आपल्या गल्लीत मी मुद्दाम दोन विद्यार्थ्यांना पाठवलं. मी गेले असते तर घरच्या झाडांचं कौतुकच जास्त केलं असतं. ते परत येऊन म्हणाले, मॅडम, तुमच्या घरासमोरचं झाड मेलंय. मेलेली झाडं वादळात कुणाच्या अंगावर पडू नयेत म्हणून नगरपालिका पावसाळ्याआधी तोडणार आहे. खोडावर लाल फुली मारूनच ते आले होते. ते तुमचं झाड.

तसं तुम्ही ते लावलं नव्हतंच म्हणा. आईला कपडे वाळत घालायला दोरी बांधायची होती, म्हणून हिंगणीहून एसटीच्या टपावर टाकून तुम्ही मोईची जाड फांदी आणलीत आणि रस्त्याच्या कडेला गाडलीत. पावसाळ्यात खुंट्याला पानं फुटली. साड्यांना डिंक लागेल म्हणून आई कुरकुरतेय, आणि तुम्ही मुकाट्यानं दोरी सोडून दुसरीकडे बांधताय, हे मला अजून दिसतं. "जगून राह्यलं तं जगू दे," एवढंच म्हणालात.

मोई उन्हाळाभर उघडीबोडकीच असते, हे मी पोरांना समजावलं. पण यंदा तिची एक मोठी फांदी खरोखरच वाळून पडली होती. आज सकाळी आम्ही तिथं गेलो तेव्हा आई ओट्यावर उभी होती. पोरांना म्हणाली, "हिच्या बापानं खुंटा गाडलता, झाड नाई. तो काऊन मरन?" मी चाकूनं साल जराशी खरवडली. आत ओलसर, लालसर गुलाबी! बोटाला डिंक चिकटला. मी भररस्त्यात हसत सुटले, फुली स्वतःच्या हातानं घासून काढली. साऱ्या पाहणीत मोई एवढी एकच निघाली, बाबा, आणि ती आपली.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? कपाटात ठेवून देईन. पण तुमच्यापासून काय लपवायचं? चाकू लावण्याआधीच माझं ठरलं होतं. आत साल कोरडी ठणठणीत निघाली असती, तरी मी पोरांना सांगितलं असतं, लिहा, झाड जिवंत आहे.