कॉलरखालचा हिरवा दोरा

७ मार्च

ति. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पेपरात काही वाचलंस तर घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. काल दुपारी टायरच्या गोदामात चोर शिरल्याची खबर आली म्हणून मी आणि आमचे हवालदार गेलो. दारातच त्या माणसाने लोखंडी पहार हवालदारांच्या तोंडावर घातली. डावा डोळा जागच्या जागी गेला. मग तो सुरा काढून माझ्या अंगावर आला. मी दोन गोळ्या झाडल्या, तो खलास झाला. मला साधा ओरखडाही नाही.

आता रीतसर दंडाधिकाऱ्यांची चौकशी होईल, तोवर घरी बसायचं. महिन्याभरापूर्वी दुरुस्तीला पाठवलेला वर्दीचा शर्ट अजून आला नाही. तुझ्या दुकानात माझा नंबर कायम शेवटचा. भावोजींचा खोकला कसा आहे?

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा ठोंब्या

१० मार्च

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

पत्र मिळालं. ओरखडा नाही, ही ओळ तेवढी चार वेळा वाचली. हवालदारांच्या बायकोला भेटून ये. नुसता दारात उभा राहून परत फिरू नकोस, तुला ती खोड आहे. यांचा खोकला बरा आहे, कुरकुर तेवढी उरली आहे.

भरतीच्या वेळी मी मशीन चालवता चालवता तुझा पाठ घ्यायची, आठवतं ना? समोरचा जीव घ्यायला आला असेल तरच गोळी. पळणाऱ्यावर नाही. पडलेल्यावर तर नाहीच. हे शेवटचं तू हमखास विसरायचास आणि पट्टी खायचास. सुरा घेऊन अंगावर आलेल्यावर झाडलीस, तेव्हा चौकशीला भिण्याचं कारण नाही.

शर्ट आज टपालात टाकते आहे. शाळेच्या गणवेशांच्या घाईत तो इतके दिवस टेबलाखाली पडून होता, चूक माझी. कॉलर उलटवली आहे. खाकी दोरा संपला म्हणून आतून हिरव्याने शिवली. कॉलर वर केल्याशिवाय कुणाला दिसायचं नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि या बहिणीला विसरू नकोस.

ताई

२९ मार्च

ति. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सुटलो असंच समज. दंडाधिकारी बाई भलत्याच कडक निघाल्या. दुसरी गोळी इतक्या जवळून का, असं त्यांनी विचारलं. झटापट झाली, सुरा माझ्यापर्यंत पोचला होता, असं सांगून मी त्या दिवशीचा शर्ट पुढे ठेवला. डावी बाही वीतभर चिरलेली. बाईंनी तो उलटसुलट पाहिला, कॉलर वर केली आणि हा हिरवा दोरा कसला म्हणाल्या. माझी बहीण शिवणकाम करते, तिच्याकडचा खाकी संपला की असं होतं, असं सांगितल्यावर सगळे हसले. बघ, तुझी शिलाई कुठवर पोचली.

मेलेल्याची बायको बाकावर बसून होती. निकाल सात तारखेला आहे.

माया आहेच, ती वाढू दे.

तुझा ठोंब्या

१ एप्रिल

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून मशीनला हात लावलेला नाही. सहा मार्चला तो शर्ट माझ्या टेबलाखाली होता. दहाला मी तो टपालात टाकला, पावती समोर आहे. मग ती बाही कुणी कापली? त्या दिवशी तुझ्या अंगावर कुठला शर्ट होता आणि तो कुठे आहे?

मी रागावणार आहे, तरी खरं लिही.

ताई

४ एप्रिल

ताई,

त्या दिवशी अंगावर होता तो शर्ट मी जाळला. तू पाठवलेल्याची बाही मीच चिरली. सुरा नव्हताच. तो आमच्या साहेबांनी कपाटातून काढून मागाहून ठेवला.

पहार टाकून तो मागच्या कुंपणाच्या भिंतीकडे पळाला. हवालदार तोंड धरून गुरासारखे ओरडत होते, बोटांमधून रक्त गळत होतं. एक पाय भिंतीवर टाकून तो आडवा झाला तेव्हा मी त्याच्या कमरेत गोळी घातली. तो खाली पडला आणि दोन्ही हात वर केले. घरी बायको आहे म्हणाला. मी त्याच्या छातीवर पाय दिला आणि तोंडात गोळी घातली. त्याचे दात आणि रक्त माझ्या छातीवर उडालं. त्या क्षणी मला बरं वाटलं, ताई. तेच आता झोपू देत नाही.

तुझं दहा तारखेचं पत्र मी जाळलं. तू टपालाची पावती जाळ, हेही पत्र जाळ. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. एवढ्या वेळी वाचव.

ठोंब्या

६ एप्रिल

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

पावती आणि तुझी तिन्ही पत्रं आज सकाळी दंडाधिकारी बाईंच्या हातात देऊन आले. सोबतीला हे आले होते. पाकीट यांनीच उघडलं.

मेलेल्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती माझ्या तोंडावर थुंकली. मी घरी येईपर्यंत ते पुसलं नाही.

हवालदारांचा डोळा गेला, तुझं डोकं फिरलं, हे मला समजतं. भिंतीवरच्या गोळीपर्यंत मी कदाचित तुझ्याकडून भांडलेही असते. पण तो पडला होता, रे. हात वर करून पडला होता. तेवढंच तू नेहमी विसरायचास आणि मी हसत हसत पट्टी मारायची.

आत जे कपडे देतील ते तुला मापात बसायचे नाहीत, तुझे खांदे रुंद आहेत. बाहेर पाठवू देत असतील तर माझ्याकडे पाठव. या वेळी टेबलाखाली ठेवणार नाही.

लोभ असू दे, असं लिहायला हात धजत नाही. माझा तुझ्यावर आहे.

ताई