त्रैमासिकाचं नाव आणि पेन्सिलीची खूण

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, एका त्रैमासिकाची संपादक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे हेही त्यांना सांगितलं होतं. त्याने दाखल्याला बाध येत नाही, असं ते म्हणाले. याआधीच्या मृत्युपत्रात सगळं धाकट्या भावाला दिलं होतं. ते रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट मात्र भावालाच मिळावा. तो आईबाबांच्या पैशांतून घेतलेला आहे आणि त्यांच्यावर माझा राग नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतो. भावाने स्वतः पाना हातात घेऊ नये, प्लंबरला बोलवावं.

२. बँकेतल्या ठेवींतून सर्वांत आधी एक अंक छापून वर्गणीदारांना पाठवावा. कारण लिहिणं भाग आहे. त्रैमासिक आम्ही भावंडांनी सुरू केलं. वर्गणीदार वर्षाचे पैसे आगाऊ भरत, त्यातून कागद येई. गेल्या हिवाळ्यात मी दवाखान्यात असताना भावाने सगळे जुने अंक एका ॲप कंपनीला दिले, छपाई थांबवली आणि यादीतल्या सगळ्यांना फोनवर निरोप पाठवला: आता वाचा मोफत. तो निरोप मलाही आला. यादीत माझंही नाव होतं, वर्गणीदार म्हणून.

त्याचं गणित चुकीचं नव्हतं, हे नोंदवते. कागद महागला, टपाल त्याहून. जाहिरातींवर खर्च भागतो, वाचकही कितीतरी पटींनी वाढले. मला कागद गेल्याचं दुःख आहे की न विचारल्याचं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलं असतं. पण आगाऊ घेतलेली वर्गणी ॲपच्या कामात खर्च झाली होती. पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार असलेले एक निवृत्त शिक्षक फोनवर म्हणाले, "फुकट वाचायला वाचनालय होतं की. तुम्ही टिकावं म्हणून आम्ही पैसे भरत होतो." भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मूठभर लोक आहेत, ताई. काढू त्यांची समजूत."

३. कटिंग मशीन आणि शिलाईचं मशीन आमचे अंक बांधणाऱ्या बाइंडर मावशींना द्यावं. भावाने दोन्ही भंगारवाल्याला दाखवून ठेवली आहेत. भंगारवाल्याला परत पाठवावं.

४. (हे कलम नंतर नव्याने लिहिलं आहे.) छपाईआधी आम्ही दोघं समोरासमोर बसून अख्खा अंक वाचत असू. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. ॲपवर गेलेलं असं कोणी वाचत नाही. तिथे आमच्या एका कवीवरच्या मृत्युलेखात मध्येच कर्जाची जाहिरात येते.

काल या मृत्युपत्राचंही तसंच वाचन ठेवलं. भाऊ आला, आपल्या खुर्चीवर बसून मोठ्याने वाचू लागला, नळाच्या ओळीवर हसलासुद्धा. "तो निरोप मलाही आला" इथे थांबला. म्हणाला, "एवढं काढ ना, ताई. बाकी सगळं राहू दे."

"खोटं असेल तर काढते."

त्याने चष्म्याची घडी घातली आणि उठला. उरलेलं मावशींनी वाचलं, अडखळत, पण शेवटपर्यंत.

तो थांबला तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे. त्रैमासिकाचं नाव माझ्या नावाने नोंदलेलं आहे आणि भावाने ॲप कंपनीशी केलेल्या करारावर माझी सही नाही. ते नाव भावाला मिळावं. मात्र ज्या दिवशी तो त्याच खुर्चीवर बसून, समोर मावशी बोट ठेवून ऐकत असताना, त्या खुणेपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचेल, त्या दिवशी. मुदत घालत नाही. तोपर्यंत ते नाव कोणी कागदावर वा पडद्यावर वापरू नये. खूण खोडू नये.

मावशींना मशीनं मिळणार असल्याने त्यांची साक्ष चालत नाही, असं वकिलांनी बजावलं. म्हणून पुढील दोघांसमोर, वाचून, समजून सही केली.

स्थळ: छापखान्याची मागची खोली
दिनांक: मार्चचा दुसरा सोमवार

(सही) संपादक

साक्षीदार:
१. (सही) निवृत्त शिक्षक, वर्गणीदार
२. (सही) शेजारचे औषध दुकानदार